सीझन सुरू व्हायच्या आधीच चॅम्पियनचा ‘भाव’ कसा निघतो? समजून घ्या आकड्यांमागचं गणित आणि कायदा

आयपीएलचा लिलाव संपला की दोन गोष्टी लगेच सुरू होतात. एक म्हणजे ‘यंदा कप आपलाच’ असे स्टेटस. दुसरी म्हणजे टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर फिरणारे आकडे: अमुक टीमचा भाव ४, तमुक टीमचा १०. अजून एकही बॉल पडलेला नसतो, तरी कुणीतरी विजेत्याची ‘किंमत’ लावून मोकळं झालेलं असतं.

हे फक्त क्रिकेटमध्येच होतं असं नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ‘कॉन्फरन्स’च्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, विजेत्यावर असे भाव निघतात. त्यातल्या एसईसी या गटात २०२४ पासून १६ टीम आहेत. तिथे २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अनेक राज्यांनी खेळांवरच्या पैजांना कायदेशीर परवानगी दिली. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. पण हे आकडे बिलोली-देगलूरच्या पोरांच्या मोबाईलवरही येतातच. म्हणून ते वाचायचे कसे आणि त्यांत फसगत कुठे होते, ते पाहू.

भाव ४ म्हणजे नेमकं काय?

समजा एखाद्या टीमचा भाव ४ आहे. म्हणजे १०० रुपये लावले आणि ती टीम जिंकली, तर ४०० रुपये परत. त्यात तुमचे स्वतःचे १०० धरलेले असतात, म्हणजे नफा ३००. हीच गोष्ट इंग्लंडमध्ये ‘३-१’ अशी लिहितात आणि अमेरिकेत ‘+३००’ अशी. लिहायच्या पद्धती तीन, अर्थ एकच.

आपल्याकडच्या क्रिकेट सट्ट्यात भाव पैशांत बोलला जातो. ‘६०-६२’ म्हणजे फेवरिट टीमवर १०० लावले तर ६० रुपये नफा. उलट ती टीम हरेल असं वाटत असेल, तर ‘खायचं’. मग टीम हरली तर १०० मिळतात, जिंकली तर ६२ द्यावे लागतात. ‘लावणे’ आणि ‘खाणे’ हे शब्द इथूनच येतात.

कुठल्याही भावातून टक्केवारी काढता येते. १०० ला भावाने भागायचं, बस्स. भाव ४ असेल तर २५ टक्के. भाव १० असेल तर १० टक्के. त्या भावानुसार जिंकायची शक्यता तेवढी धरली आहे, असा त्याचा अर्थ.

मग गोम कुठे आहे?

सगळ्या टीमच्या टक्केवारीची बेरीज करून बघा. उदाहरण म्हणून १० टीमचे काल्पनिक भाव घेऊ: ४, ५, ५, ८, ८, १०, १०, २०, २० आणि २५. यांची टक्केवारी अनुक्रमे २५, २०, २०, १२.५, १२.५, १०, १०, ५, ५ आणि ४. बेरीज येते १२४.

पण चॅम्पियन तर एकच होणार. खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाऊच शकत नाही. मग हे वरचे २४ कुणाचे? भाव लावणाऱ्याचे.

साध्या भाषेत सांगायचं तर, कुणीही जिंकलं तरी १०० रुपये मिळावेत म्हणून तुम्ही दहाही टीमवर हिशोबाने पैसे लावले, तर खिशातून १२४ जातील आणि परत येतील १००. खेळाडूंचा फॉर्म, पिच, टॉस यांचा विचार करायच्या आधीच तुम्ही २४ रुपयांनी मागे आहात.

एका मॅचमध्ये हा कट कमी असतो. दोन्ही टीम तुल्यबळ असतील आणि दोघींचा भाव १.९० असेल, तर बेरीज साधारण १०५ होते. टीम जास्त असल्या की प्रत्येक भावात थोडं थोडं कापता येतं आणि ते पटकन लक्षातही येत नाही. म्हणून सीझनआधीचा भाव गणिताच्या दृष्टीने सहसा जास्त महाग पडतो. शिवाय पैसे दोन महिने अडकून राहतात. मधेच मुख्य बॉलर जखमी झाला, तरी तुमचा भाव तोच.

भाव ठरवतं कोण आणि कसा?

परवानाधारक कंपन्या आधी प्रत्येक टीमला ताकदीचे गुण देतात. गेल्या सीझनची कामगिरी, नवे खेळाडू, कोच, वेळापत्रक असं सगळं त्यात येतं. मग कॉम्प्युटरवर तोच सीझन हजारो वेळा ‘खेळवला’ जातो. एखादी टीम १०० पैकी २० वेळा जिंकत असेल, तर तिचा खरा भाव ५ निघतो. त्यातून आपला कट काढून बाजारात ४ किंवा ४.५० लावला जातो.

त्यानंतर भाव हलतो तो लोकांच्या पैशांमुळे. मुंबई, चेन्नई, बंगळुरू या टीमचे चाहते प्रचंड. चाहता मनाने पैसे लावतो, त्यामुळे अशा टीमचा भाव त्यांच्या ताकदीच्या मानाने उतरू शकतो. म्हणून भाव हे निव्वळ भाकीत नसतं. त्यात अंदाज असतो, गर्दी असते आणि दुकानदाराचा नफाही असतो.

हे भाव खरे ठरतात का?

कधी कधी. पण नावावर जाणाऱ्यांची फजिती झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

- २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थान ही सगळ्यात स्वस्तात विकली गेलेली टीम होती. शेन वॉर्नच्या कप्तानीत तीच चॅम्पियन झाली.
- मुंबई आणि चेन्नई यांच्या नावावर प्रत्येकी ५ विजेतेपदं आहेत. २०२४ मध्ये मुंबई तळाला गेली, २०२५ मध्ये चेन्नई.
- ज्या बंगळुरूची १७ वर्षं चेष्टा झाली, तिने ३ जून २०२५ ला अहमदाबादमध्ये पंजाबला ६ धावांनी हरवून पहिला कप उचलला.
- इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१५-१६ च्या सीझनआधी लेस्टर सिटीचा भाव होता ५०००-१. म्हणजे शक्यता फक्त ०.०२ टक्के. तरी लेस्टर जिंकली.

लेस्टरची गोष्ट सट्ट्याच्या जाहिरातीसारखी सांगितली जाते. पण ती लक्षात राहिली कारण असं जवळपास कधीच होत नाही.

‘पक्की टीप’ देणाऱ्यांचं गणित

समजा एकाने ३२०० जणांना मेसेज केला. अर्ध्यांना सांगितलं ‘अ’ जिंकणार, अर्ध्यांना ‘ब’. निकालानंतर ज्यांना बरोबर टीप गेली त्या १६०० जणांनाच पुढची टीप. मग उरतात ८००, मग ४००, मग २००. पाच मॅचनंतर १०० जण असे असतात, ज्यांना सलग पाच टीप अचूक मिळाल्या. आता सहाव्या टीपसाठी हा माणूस पैसे मागतो. त्या १०० जणांना तो देवमाणूस वाटतो. उरलेले ३१०० जण त्यांना कधी भेटतच नाहीत.

कायदा काय म्हणतो?

जुगार आणि पैजा हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या यादीतला विषय. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. ‘कलम १२ (अ) नुसार गुन्हा दाखल’ ही बातमीतली ओळ त्याच कायद्यातली. येसगीच्या पुलावरून मांजरा ओलांडून बोधनकडे गेलात की तेलंगणाचा कायदा लागतो. तो आणखी कडक आहे. त्या राज्याने २०१७ मध्येच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा सट्टा ‘किरकोळ संघटित गुन्हा’ धरला आहे. शिक्षा १ ते ७ वर्षं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्यात येतात, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण म्हणून तो सुरक्षित आहे असं नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे जिंकलेले पैसे कुणी बुडवले, तर कोर्टात जाऊन ते मागता येत नाहीत.

अपवाद घोड्यांच्या शर्यतीचा. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कौशल्याचा खेळ मानला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर परवान्याखाली पैज लावता येते.

क्रिकेटची पैज कायदेशीर करून तिच्यावर नियंत्रण आणावं, असं लोढा समितीने २०१६ मध्ये सुचवलं होतं. विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात याच प्रश्नाचा विचार केला. तसा कायदा मात्र झाला नाही.

मग हे आकडे बघायचेच नाहीत का?

बघा की. कुठल्या टीमबद्दल बाजाराला काय वाटतं, हे त्यातून कळतं. फक्त तीन गोष्टी करा: १०० ला भावाने भागा, सगळ्यांची बेरीज करा आणि १०० च्या वर किती गेलं ते बघा. तेवढं समजलं की ‘डबल करून देतो’ म्हणणाऱ्याचा मेसेज वाचून हसू येईल.

पैसे अडकले असतील किंवा ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी. सट्ट्याची सवय सुटत नसेल, घरात सांगायची भीती वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं. आणि तुमचा एखादा मित्र सीझनभर उसने पैसे मागत फिरत असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा.