पडघ्याचा विषाणू

माझे वडील चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर होते. ऊर्जानगरच्या वसाहतीत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे ‘युनिट ट्रिप झालं’, म्हणजे संच अचानक बंद पडला, हे शब्द घरात रोजचेच. आसपासच्या दुर्गापूर, पद्मापूर खाणींचा कोळसा आणि इरई धरणाचं पाणी यांवर १९८० च्या दशकात एकेक संच उभा राहत गेला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. १९९९ साली इथून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॉटची उच्चदाब वाहिनी सुरू झाली. ही वाहिनी एकदिश प्रवाहाची, म्हणजे एवढ्या अंतरावर वीज कमी गळावी अशी. पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत विदर्भातली गावं तासन्‌तास अंधारात राहिली आणि मुंबईला त्यातून वगळलं गेलं, तेव्हा त्या वाहिनीचे मनोरे पाहून वडील अस्वस्थ व्हायचे.

त्यामुळे १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि बातम्यांत पडघ्याचं नाव आलं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी कान टवकारले. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही उपनगरांत वीज यायला रात्र झाली. राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी कारण सांगितलं: कळवा-पडघा ४०० केव्हीच्या एका सर्किटवर देखभालीचं काम सुरू होतं, त्याचा भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर चालू ठेवणारी ‘आयलँडिंग’ यंत्रणा आहे. त्या दिवशी तीही टिकली नाही. काही दिवसांतच राऊत यांनी घातपाताची शंका बोलून दाखवली.

मग २८ फेब्रुवारी २०२१ ला रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीजक्षेत्रातल्या संगणकांत ‘शॅडोपॅड’ नावाचं मालवेअर पेरल्याचं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल पुढे केला. वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन, म्हणजे छुपी मालवेअर, असावेत आणि ८ जीबी डेटा परदेशी सर्व्हरवरून आला असावा, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी बत्ती गुल होण्यामागे मानवी चूक असल्याचं सांगितलं. चीननेही आरोप फेटाळला. आणि रेकॉर्डेड फ्युचरच्या ज्या अहवालावरून गदारोळ झाला, त्याच अहवालाने पडघ्यातल्या वीज नियंत्रण केंद्रात सापडल्याचं म्हटलं गेलेलं मालवेअर आणि मुंबईचा अंधार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. हे वाक्य फार थोड्यांनी वाचलं.

वीज घालवू शकेल असा विषाणू असू शकतो का? असू शकतो. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वीज कंपन्यांच्या संगणकांत शिरून ऑपरेटरच्याच पडद्यावरून वीज तोडणारे ब्रेकर उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. पुढच्याच वर्षी कीव्हमध्ये स्विचगिअरशी थेट बोलणारा प्रोग्राम वापरला गेला. आमची नियंत्रण यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही, हा युक्तिवाद मी चंद्रपुरातही ऐकला आहे. पण इराणच्या नतान्झचा अणुप्रकल्पही जोडलेला नव्हता, तरी २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा विषाणू तिथे पोचलाच. कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या बाबतीत तर २०१९ मध्ये आधी ठाम इन्कार झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रशासकीय कामाच्या एका संगणकात मालवेअर सापडल्याची कबुली आली.

मात्र संगणकात विषाणू सापडणं वेगळं आणि त्याने वाहिनी बंद पाडणं वेगळं. कार्यालयातल्या सर्व्हरवरचे १४ ट्रोजन माहिती चोरू शकतात, पासवर्ड पळवू शकतात. ब्रेकर उघडायला त्यांना नियंत्रण कक्षापर्यंत पोचावं लागतं, आणि तिथे पोचल्याची खूण राहते. युनिट ट्रिप झालं की वडील आधी कुणाला दोष देत नसत, आधी नोंदी काढत. कोणता रिले कोणत्या क्षणी चालला, कोणता ब्रेकर त्याच्यानंतर उघडला, हे उपकेंद्रातलं यंत्र मिलिसेकंदात टिपून ठेवतं. ब्रेकर बिघाड ओळखून रिलेने उघडला की संगणकावरून हुकूम आला, हेही त्यातून कळतं. वाद मंत्र्यांच्या निवेदनांवर अडकून पडला, खरं उत्तर या नोंदींत आहे.

उघड झालेल्या माहितीवरून माझं मत असं: शिरकावाची शंका खोटी म्हणता येत नाही, पण त्या सकाळचा अंधार त्या शिरकावाने झाला हे कुणी दाखवलेलं नाही. देखभालीखालचं सर्किट, दुसऱ्यावरचा भार आणि न टिकलेलं आयलँडिंग एवढ्यानेही मुंबई अंधारात जाऊ शकते. चीनचं नाव घेतलं की हे प्रश्न मागे पडतात आणि मानवी चूक म्हटलं की १४ ट्रोजन विसरले जातात. दोन्ही सारखंच घातक आहे. माझी मागणी एवढीच आहे की राज्य आणि केंद्र सरकारने त्या सकाळच्या रिलेच्या नोंदी आणि सर्व्हरच्या नोंदी वेळेनुसार शेजारी मांडून लोकांसमोर ठेवाव्यात.