चिनी समाजातील शीलकल्पनेची घडण

स्त्रीच्या शीलाविषयीची चिनी समाजाची कल्पना प्राचीन आणि अचल होती, असा समज दीर्घकाळ रूढ होता. इतिहास मात्र निराळे सांगतो. हान काळात बान चाओ या विदुषीने स्त्रियांचा आचारधर्म सांगणारा ग्रंथ लिहिला हे खरे. तथापि उपदेश आणि आचार यांत पुष्कळ अंतर होते. सुंग काळात (९६०–१२७९) विधवाविवाह सर्रास होत. फान चुंगयेन या थोर मुत्सद्द्याच्या मातेने पुनर्विवाह केला होता. त्याने स्थापिलेल्या कुलनिधीतून पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रियांनाही साहाय्य मिळे. उपासमारीने मरण आले तरी चालेल, पण विधवेने पुनर्विवाह करू नये, हे छंग यी (१०३३–११०७) या तत्त्वज्ञाचे मत त्या काळी एका पंडिताचे मत होते, लोकाचार नव्हता. कवयित्री ली छिंगचाओ हिने ११३२ मध्ये पुनर्विवाह केला. पुढे छिंग काळातील काही विद्वानांना ही गोष्ट इतकी खटकली की, तो विवाह झालाच नाही असे सिद्ध करण्याचा त्यांनी खटाटोप केला. मधल्या काळात दृष्टी किती पालटली होती, याचे याहून बोलके प्रमाण कोणते?

हा पालट केवळ उपदेशाने घडला नाही. तिसाव्या वर्षापूर्वी विधवा होऊन पन्नाशीपर्यंत पुनर्विवाह न करणाऱ्या स्त्रीचा राजसन्मान करावा आणि तिच्या कुटुंबास वेठीची माफी द्यावी, असा नियम मिंग राजवटीने १३६८ मध्ये केला. एका स्त्रीचे वैधव्य अशा रीतीने साऱ्या घराच्या लाभाचे झाले. दुसरीकडे, पुनर्विवाह करणारी विधवा पतीच्या संपत्तीवरील हक्कास व आपल्या स्त्रीधनासही मुके. म्हणूनच सुनेला बळाने दुसऱ्या घरी धाडणारे सासरही होते. शीलाचा गौरव आणि शीलाचा भंग, दोहोंमागे पुष्कळदा घरचा हिशेबच असे.

या कल्पनेने अखेर कुमारिकेलाही ग्रासले. वाग्दत्त वर विवाहापूर्वीच मेला, तर आजन्म अविवाहित राहणाऱ्या, क्वचित प्राणत्याग करणाऱ्या मुलींचाही गौरव होऊ लागला. याविरुद्ध आवाज उठला तो खुद्द कन्फ्यूशियसच्या परंपरेतूनच. सोळाव्या शतकात क्वेइ यौक्वांगने आणि अठराव्या शतकात वांग चुंगने, विवाहविधीपूर्वी पत्नीत्व संभवतच नाही, असे प्रतिपादिले.

१९१४ मध्ये प्रजासत्ताकाच्या शासनानेही अशा सन्मानाचे नियम काढले. १९१८ मध्ये हू श व लू शुन यांनी त्या कल्पनेवरच प्रहार केला. पुरुषाला न लागणारा नियम स्त्रीला का, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात हाच प्रश्न मराठीत विचारला होता, याचे येथे स्मरण होते.

१९५० च्या विवाहकायद्याने विधवाविवाहात अडथळा आणण्यास मनाई केली. पण विवाहपूर्व संबंधांवरील कडक नजर कायम राहिली. १९७९ च्या दंडसंहितेतील ‘गुंडगिरी’च्या संदिग्ध गुन्ह्याखाली असे संबंधही शिक्षेस पात्र ठरू शकत. हा गुन्हा १९९७ मध्ये वगळण्यात आला. विवाहनोंदणीसाठी लागणारे कामाच्या संस्थेचे पत्र २००३ पासून अनावश्यक झाले. शासनाने हात आखडला तसा निर्णय व्यक्तीकडे आला. तरीही वधूच्या पूर्वायुष्याची जेवढी चौकशी होते तेवढी वराच्या होत नाही. १९१८ चा तो प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.