पत्त्याची चिठ्ठी आणि परकी दारे

तलाठ्याकडून परतणाऱ्या माणसाच्या खिशात दोन प्रकारचे कागद असू शकतात. एक सातबाऱ्याची नक्कल आणि दुसरा नुसत्या गट क्रमांकाची चिठ्ठी. नकलेवर शाई सांडली, पोराने तिचे विमान करून उडविले, तरी रानातील ज्वारीला त्याची वार्ता नसते. चिठ्ठीचे तसे नाही. ती वाचून नांगरटीचा ट्रॅक्टर थेट त्या शेतात शिरतो; आणि चिठ्ठीवर ११४ च्या जागी ११५ पडले असेल, तर शेजाऱ्याचे उभे पीक मातीत जाते. ट्रॅक्टरवाल्याचा त्यात काय दोष? त्याने पत्त्याप्रमाणे काम केले.

संगणकातील एका कार्यक्रमाने दुसऱ्याला काम सांगावयाचे, तर त्याच्याही हाती हेच दोन कागद असतात. ज्या आकड्यावर काम करावयाचे त्याची नक्कल द्यावी, किंवा तो आकडा यंत्राच्या स्मृतीत कोणत्या घरात ठेवला आहे त्या घराचा क्रमांक द्यावा. या घरक्रमांकालाच जाणकार लोक ‘पॉइंटर’ म्हणतात. दोन्ही कार्यक्रम एकाच भाषेत लिहिलेले असले म्हणजे चिठ्ठीतील चुका त्या भाषेचा भाषांतरकार, म्हणजे कम्पायलर, बऱ्याच अंशी पकडतो. परंतु चिठ्ठी एका भाषेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाते, तेव्हा वेशीवर पहारेकरी नसतो. आम्हाला आज सांगावयाचा आहे तो या वेशीचा इतिहास.

तो केंब्रिजपासून सुरू करणे सोयीचे. तेथील एड्सॅक यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला कार्यक्रम चालविला. वर्गमूळ काढणे, संख्या छापणे अशी नित्याची कामे दर वेळी नव्याने लिहीत बसू नयेत, म्हणून मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी तयार उपकार्यक्रमांचा संग्रह कागदी फितींवर उभा केला आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढले. उपकार्यक्रमाला बोलावले तर तो परत कोठे येणार? व्हीलर यांनी युक्ती काढली, ती अशी की बोलावणाऱ्याने आपला ठावठिकाणा सोबत द्यावा आणि उपकार्यक्रमाने तो पाहून परतीची आज्ञा स्वतःच्याच शेपटाला लिहून घ्यावी. कामासाठी लागणारे काही आकडे तर बोलावण्याच्या आज्ञेला लागूनच पुढच्या घरांत मांडून ठेवीत. पाहुण्याने यावे आणि ओसरीवर ठेवलेले ताट उचलावे, तसा हा प्रकार. ताट नेमके कोठे असेल याचा संकेत दोघांना ठाऊक हवा, एवढीच अट. पुढील सत्तर वर्षांतील सगळ्या भानगडींचे मूळ या अटीत आहे.

आय्‌बीएम ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फोरट्रान भाषा दिली. १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्यात स्वतंत्र उपकार्यक्रम लिहिण्याची सोय आली. या कम्पायलरांनी सरसकट पत्ता देण्याचा मार्ग धरला. त्यातून एक गंमत उद्भवली, जी जुने गणिती अजून हसत हसत सांगतात. समजा, कोणी उपकार्यक्रमाला ‘२’ हा आकडा दिला. कम्पायलरने ‘२’ स्मृतीत एका घरात ठेवला होता. त्या घराचा पत्ता गेला. उपकार्यक्रमाने आपल्याला मिळालेल्या संख्येत एक मिळविला. तो मिळविला गेला थेट त्या घरात! त्या क्षणापासून त्या कार्यक्रमात जेथे जेथे ‘२’ लिहिले असेल, तेथे तेथे यंत्र ३ समजून चालू लागले. दोनाचे तीन करणारे कारकून आपण पाहिले आहेत. पण दोन या संख्येचीच किंमत तीन करून टाकणे, हे त्यांनाही साधले नव्हते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले, तेव्हा आपल्याकडील शास्त्रज्ञांची एक पिढी त्यावर याच फोरट्रानमध्ये गणिते मांडू लागली.

फोरट्रानमध्ये पत्ता जात होता खरा, पण तो पडद्याआड. त्याला स्वतःचे नाव नव्हते. लिहिणाऱ्याला तो हातात धरता येत नव्हता. पत्त्याला भाषेतच स्थान देण्याची कल्पना कीव येथे कॅतेरीना युश्चेन्को यांनी १९५५ च्या आपल्या ‘पत्त्यांच्या भाषेत’ मांडली होती. पश्चिमेकडे हेरॉल्ड लॉसन यांनी १९६४ च्या सुमारास पीएल-वन या भाषेत पॉइंटर नावाची राशी आणली. त्याबद्दल त्यांचा गौरव झाला तो २००० साली. इतकी वर्षे का लागली, ते गौरव करणारेच जाणोत.

पॉइंटरला घराघरात नेले ते सी भाषेने. अमेरिकेत मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९६९ ते १९७३ या काळात घडविली. तिची आजी बीसीपीएल आणि आई बी. या दोघींना राशींचे प्रकार ठाऊक नव्हते. सगळे काही एकच, यंत्राचा एक शब्द. परंतु नवे पीडीपी-११ यंत्र शब्दांना नव्हे, तर शब्दाच्या आतील एकेका बाइटला क्रमांक देत होते. बीच्या पॉइंटरांना त्यावर प्रत्येक वेळी गुणाकार करून घर शोधावे लागे. तेव्हा हा पत्ता अक्षराच्या घराचा की पूर्ण संख्येच्या घराचा, हे भाषेला कळणे भाग पडले, आणि सीमध्ये प्रकार आले. यंत्राच्या क्रमांकपद्धतीतून भाषेचे व्याकरण निघाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रिची यांनी नियम साधा ठेवला. फंक्शनला जे द्यावयाचे त्याची नेहमी नक्कलच द्यावयाची. मूळ वस्तूत बदल करून हवा असेल, तर तिचा पत्ता काढावा आणि त्या पत्त्याची नक्कल द्यावी. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याला आपण चिठ्ठी लिहीत आहोत हे ठाऊक असते. सी शिकणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात कळफलकावरून संख्या वाचविण्याच्या फंक्शनला पत्त्याऐवजी आतला आकडाच देऊन बसतो. फंक्शन बिचारे त्या आकड्यालाच घरक्रमांक समजून भलत्याच दारावर थाप मारते आणि कार्यक्रम कोसळतो. एक गोष्ट मात्र रिची यांनी सोडून दिली. ओळीने मांडलेल्या शंभर संख्या फंक्शनला द्यावयाच्या, तर सीमध्ये केवळ पहिल्या घराचा पत्ता जातो. घरे शंभर आहेत ही माहिती चिठ्ठीवर नसते. ती वेगळी द्यावयाची, आणि खरी द्यावयाची. आमच्या मते या काटकसरीने सीला वेग दिला आणि जगाला पन्नास वर्षांची डोकेदुखी. दोन्ही विधाने एकाच दमात करावी लागतात.

इकडे दुसरे एक कुळ वाढत होते. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये, १९६० च्या त्यांच्या निबंधापासूनच, पत्त्यांचा व्यवहार लिहिणाऱ्याच्या हाती ठेवलेला नव्हता. स्मृतीतील जागा भाषा स्वतः देते आणि कोणाला नकोशी झाली की स्वतःच झाडून परत घेते. या झाडलोटीच्या काही पद्धती तर, १९७० मध्ये सी. जे. चेनी यांनी सांगितलेल्या पद्धतीप्रमाणे, कामाच्या सर्व वस्तू एका वाड्यातून उचलून दुसऱ्या वाड्यात नेतात आणि पहिला वाडा रिकामा करतात. भाषेच्या आत याची अडचण नाही. बिऱ्हाड हलविणारी तीच असल्यामुळे सर्वांचे पत्ते तीच बदलते. पण जुना पत्ता कोणा परक्याला देऊन ठेवला असेल तर?

तो प्रसंग बर्कलीत आला. १९७८ च्या पुढे तेथे मॅक्सिमा ही गणिती प्रणाली व्हॅक्स यंत्रावर चालविण्यासाठी फ्रान्झ लिस्प तयार होत होती. जवळच सी आणि फोरट्रानमध्ये लिहिलेली कसलेली फंक्शने पडून होती. ती लिस्पमध्ये पुन्हा लिहिणे हा वेडेपणा ठरला असता. म्हणून तयार झालेले यंत्रभाषेतील साहित्य चालत्या लिस्पमध्ये ओढून घेण्याची सोय केली गेली, आणि त्यांना तेथे नाव मिळाले ‘परकी फंक्शने’. तेच नाव पुढे रूढ झाले.

परकी फंक्शने म्हटली की प्रश्न दोन. पहिला बिऱ्हाडाचा. परके फंक्शन पत्ता घेऊन काम करीत असताना वस्तू हलता कामा नये. म्हणजे एक तर तिला खिळवून ठेवावे, नाही तर बाहेर न हलणाऱ्या जागी तिची नक्कल करावी. १९९७ मध्ये जावा भाषेने अशा व्यवहाराचे नियम घातले, त्यांत संख्यांची ओळ मागणाऱ्याला मूळ मिळेल की नक्कल, याची हमी नाही. काय मिळाले ते सांगणारा एक रकाना तेवढा आहे. काम संपल्यावर ‘परत केली’ असे कळवावयाचे. ते राहिले आणि हाती नक्कल असली, तर केलेले सगळे बदल नकलेबरोबर गेले! दुसरा प्रश्न शेजारणीच्या वाटीचा. सीच्या फंक्शनने स्मृतीतील जागा मिळवून तिचा पत्ता दिला, तर ती जागा परत कोणी करावयाची? लिस्पची किंवा जावाची झाडलोट त्या जागेला ओळखत नाही. कोणीच परत केली नाही तर स्मृती गळत राहते. दोघांनीही केली तर दुसऱ्या वेळी भलत्याचीच वाटी उचलली जाते. सीच्या घोषणेत पत्ता कोणत्या प्रकारच्या वस्तूचा हे लिहिलेले असते. वाटी कोणाची, हे लिहावयास तेथे जागाच नाही. मार्च २०२४ मधील जावाच्या बाविसाव्या आवृत्तीत परक्या फंक्शनांसाठी नवी व्यवस्था पक्की झाली. तिच्यात बाहेरच्या स्मृतीचे आयुष्य आधीच नेमून द्यावे लागते.

यंत्राच्या पातळीवरही संकेत एक नाही. आजच्या ६४ बिटांच्या इंटेल घराण्याच्या यंत्रांवर लिनक्समध्ये पहिले सहा पूर्णांक किंवा पत्ते यंत्राच्या सहा ठरलेल्या खणांत ठेवून पाठवितात. त्याच यंत्रावर विंडोजमध्ये पहिले चार, आणि खणही निराळे. ओसरी तीच, ताटाची जागा वेगळी. हे सर्व संकेत सांभाळणारा एक मध्यस्थ, लिबएफएफआय, अँथनी ग्रीन यांनी १९९६ मध्ये लिहिला. थॉमस हेलर यांची सीटाइप्स ही रचना त्याच्याच आधाराने २००६ मध्ये पायथनच्या २.५ आवृत्तीत दाखल झाली. सीटाइप्सला फंक्शन काय परत करणार हे सांगितले नाही, तर ती साधा पूर्णांक गृहीत धरते. तो ३२ बिटांचा. पत्ता ६४ बिटांचा. परत आलेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून जातो. पत्ता लहान असला तर गळालेल्या भागात शून्येच असतात, आणि काम बिनतक्रार होते. मोठा असला की कोसळते. चूक रोज घडते, पण दिसते एखाद्या दिवशी.

अशा न दिसणाऱ्या चुकीची सर्वांत बोधक हकीकत २०१९ ची आहे. आर ही संख्याशास्त्राची भाषा ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केली. औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत तिच्यावर हिशेब होतात. समीकरणांचे जड काम ती १९९२ च्या लॅपॅक या फोरट्रान संग्रहाकडे सोपविते. हाक मारणारे सी, ऐकणारे फोरट्रान. आता या संग्रहातील फंक्शनांना अनेकदा एकच अक्षर द्यावे लागते. कोष्टकाचा वरचा त्रिकोण घ्या की खालचा, एवढे सांगण्यासाठी. सीने त्या अक्षराचा पत्ता दिला. परंतु फोरट्रानच्या कम्पायलरांचा संकेत असा की अक्षरांचा पत्ता गेला तर त्यांची लांबीही, सर्वांच्या शेवटी, गुपचूप गेली पाहिजे. अक्षर एक, लांबी एक. ती पाहतो कोण? म्हणून सीच्या लेखकांनी ती पाठविलीच नाही. आरच एकटी नव्हती. लॅपॅकला हाक मारणाऱ्या इतर अनेक रचनांत हीच गाळणूक होती. कित्येक वर्षे काही बिघडले नाही.

मग ग्नू फोरट्रान कम्पायलर अधिक हुशार झाला. एखाद्या फंक्शनचे शेवटचे काम दुसऱ्या फंक्शनला बोलावणे हेच असेल, तर नवी जागा न मागता आपल्याला हाक मारणाऱ्याने मांडलेल्या ताटांच्याच जागी नवी ताटे ठेवावयाची, अशी बचत तो करू लागला. त्यात लांबीचे ताटही आले. त्या जागी त्याने १ लिहिला. पण हाक मारणाऱ्या सीने ते ताट कधी मांडलेच नव्हते. तेथे त्याची स्वतःची काही निराळी चीजवस्तू होती. ती पुसली गेली, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले हिशेब कोसळू लागले.

दोष कोणाचा, यावर दोन्ही बाजूंनी बरीच चर्चा झाली. संकेत सीच्या लेखकांनी मोडला होता, यात आम्हाला संशय वाटत नाही. पण मोडलेला संकेत इतकी वर्षे चालवून घेतला गेल्यावर त्यालाच वहिवाट म्हणतात, आणि वहिवाटीचे दावे कसे चालतात हे आपल्या श्रोत्यांना आम्ही सांगावे असे नाही. कम्पायलरच्या कर्त्यांनी तात्पुरता आडपडदा घातला. अशा धोक्याच्या ठिकाणी बचत न करण्याची सोय त्यांनी २०१९ मध्येच दिली. आरच्या कर्त्यांनी आपल्याकडील हाका दुरुस्त केल्या आणि इतर लेखकांसाठी एक छोटी संज्ञा करून दिली, एफसीवन. फोरट्रानला अक्षर देणाऱ्या प्रत्येक हाकेच्या शेवटी ती लिहावयाची. तिचा विस्तार होतो तो एक स्वल्पविराम आणि त्यापुढे, ठरलेल्या प्रकारातील, एकाचा आकडा.