मेंडेलचा नियम आणि फळमाशीची साक्ष

विज्ञानाच्या इतिहासात १९०० हे साल दोन कारणांनी ध्यानात ठेवावे लागते. ग्रेगोर मेंडेल यांचा १८६६ साली प्रसिद्ध होऊन विस्मृतीत गेलेला वाटाण्यावरील निबंध त्या वर्षी पुन्हा उजेडात आला; आणि लंडनच्या कार्ल पिअर्सन यांनी संख्याशास्त्रातील काय-वर्ग कसोटी मांडली तीही त्याच वर्षी. पिअर्सन पुढे मेंडेलवाद्यांच्या विरोधी पक्षात राहिले. तरी मेंडेल यांचे नियम तोलण्याचा काटा त्यांच्याच हातून घडला होता.

त्यांतील एक नियम सांगतो की, दोन भिन्न गुणांची पुढील पिढीत होणारी वाटणी परस्परांपासून स्वतंत्र असते. मेंडेल यांना ५५६ बिया मिळाल्या : गोल-पिवळ्या ३१५, गोल-हिरव्या १०८, सुरकुतलेल्या-पिवळ्या १०१ आणि सुरकुतलेल्या-हिरव्या ३२. नियमाप्रमाणे ९:३:३:१ हे प्रमाण अपेक्षित होते. प्रत्येक गटातील फरकाचा वर्ग करून त्यास अपेक्षित संख्येने भागावे व चारही भागाकारांची बेरीज करावी. येथे ती सुमारे ०.४७ येते. ती ७.८१५ च्या वर गेली असती, तर फरक निव्वळ योगायोगाचा मानणे कठीण झाले असते. नियम टिकला.

पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गन यांनी फळमाशी हाती घेतली. जांभळे डोळे आणि खुरटे पंख या दोन गुणांच्या त्यांच्या संकरात २८३९ माश्या मोजल्या गेल्या. वाटणी स्वतंत्र असती, तर चारही गटांत सुमारे ७१० माश्या आल्या असत्या. प्रत्यक्षात आई-बापांसारख्या १३३९ व ११९५ आल्या, नव्या जोडीच्या अवघ्या १५१ व १५४. तोच काटा आज लावला तर बेरीज १७६५ च्या घरात जाते!

मग मेंडेल चुकले का? नाही. हे दोन्ही गुण एकाच गुणसूत्रावर बसलेले असल्याने बहुधा एकत्रच प्रवास करतात. नियम वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील गुणांना लागू पडतो. नव्या जोड्यांचे प्रमाण, येथे १०.७ टक्के, हेच दोन जनुकांमधील अंतराचे माप ठरले. या कल्पनेवर मॉर्गन यांचे तरुण शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ साली गुणसूत्राचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला.

या काट्याला दुसरी बाजूही आहे. १९३६ साली रोनाल्ड फिशर यांनी दाखविले की, मेंडेल यांचे एकूण आकडे अपेक्षेशी प्रमाणाबाहेर जुळतात. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. मात्र कोलंबियातील मंडळींनी न जुळणारे आकडे जसेच्या तसे वहीत उतरवले, म्हणूनच तो नकाशा निघाला.