कोष्टकात न बसलेला कामगार

वृत्तपत्रांचे संशोधन कसे करावे हे मी एकदा वर्गात शिकलो आणि एकदा लोअर परळच्या चाळीत शिकलो. या दोन शिक्षणांचे एकमेकांशी पटायला बरीच वर्षे जावी लागली. आज आपल्यातली कितीतरी मुलेमुली संज्ञापन विद्येच्या पदव्या घेत आहेत, प्रबंध लिहीत आहेत. माझी चूक त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती येथे मांडतो.

1990 च्या सुमारास मी पत्रकारितेचा विद्यार्थी होतो. वडील रिंगखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यात तेही होते. ते परत गिरणीत गेलेच नाहीत. आम्ही ना. म. जोशी मार्गावरच्या, म्हणजे आमच्या तोंडी डिलाईल रोडच्या, बी. डी. डी. चाळीत राहत होतो. तेव्हा माझ्या शोधनिबंधाचा विषय मला शोधावा लागला नाही. संपाच्या बातम्यांचे आशयविश्लेषण करायचे ठरवले.

आशयविश्लेषणाची जी व्याख्या आम्हांला पाठ करायला लावली होती ती अमेरिकन संशोधक बर्नार्ड बेरेलसन यांची, 1952 सालची. संज्ञापनाच्या उघड आशयाचे वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक वर्णन, असा तिचा अर्थ. रीत अशी की आधी नमुन्याचे अंक निवडायचे, मग मोजण्याचे एकक ठरवायचे, रकाने पाडायचे आणि प्रत्येक बातमी वाचून योग्य त्या रकान्यात रेघ ओढायची. बातमीत बोलतो कोण, हा माझा प्रश्न होता. रकाने पाच : पुढारी, मालक, मंत्री, पोलीस, कामगार. ग्रंथालयात बसून मी जुन्या फायली उलटत होतो आणि कामगाराच्या रकान्यात रेघा फार थोड्या पडत होत्या. मला वाटले, निष्कर्ष हाती आला. मालकांच्या मुंबईत कामगार मुका आहे, एवढे सिद्ध झाले की काम झाले.

आमच्या तळमजल्यावर एक तात्या राहत. स्वातंत्र्यापूर्वी गिरणीत लागलेले, आपल्याच समाजाचे. उत्साहाने मी त्यांना माझे कोष्टक दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते पाहिले आणि विचारले, "कामगार म्हणजे कुठला कामगार रे? साळखात्यातला का रिंगखात्यातला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. कोष्टकात तसा रकाना नव्हता.

साळखाते म्हणजे विणकामाचे खाते. तेथे पगार चांगला आणि तेथेच अस्पृश्यांना मज्जाव. त्याचे कारण वरवर पाहता अगदी किरकोळ. धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागे आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, हा स्पृश्य कामगारांचा सवाल. म्हणून आपली माणसे रिंगखात्यात आणि कमी पगाराच्या इतर कामांत. 1928 च्या प्रदीर्घ संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे ठेवला. वर्गाची एकजूट मागणाऱ्यांना त्यांनी साळखात्याच्या दारात उभे केले, असे म्हणायला हरकत नाही.

आता बेरेलसनच्या व्याख्येकडे पुन्हा पाहा. उघड आशय मोजायचा. जे छापलेच गेले नाही ते मोजायचे कसे? आणि ज्याने रकाने पाडले त्याच्याच मनात एखादा रकाना नसेल तर? येथे तर रकाने पाडणारा मी, डिलाईल रोडचा, रिंगखात्यातल्या बापाचा मुलगा होतो! पद्धती आपली जात विसरायला किती सहज शिकवते, याचा हा पुरावा मी स्वतःच्या हाताने तयार केला होता.

बेरेलसनच्या व्याख्येवर त्याच काळात झिगफ्रीड क्राकाउअर या जर्मन विचारवंताने टीका केली होती. नुसत्या मोजणीत मजकुराचा एकसंध अर्थ निसटतो, असे त्याचे म्हणणे. हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. पण क्राकाउअरपर्यंत जाण्याची गरजच नव्हती. आमच्या चाळीतून रेल्वेचा पूल ओलांडून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, परळच्या पोयबावडीतून, 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला होता. त्याच्या पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातल्या वृत्तपत्रांची तपासणी केली आहे. ही पत्रे कोणत्या जातींचे हित पाहतात, कोणाच्या हिताची पर्वा करीत नाहीत आणि म्हणून अस्पृश्यांना स्वतंत्र पत्र का हवे, असा तो युक्तिवाद आहे. मी त्याला मराठीतले वृत्तपत्रसंशोधनच म्हणेन. बेरेलसनच्या बत्तीस वर्षे आधीचे. त्यात न छापलेल्याचीही नोंद आहे. 'मूकनायक'ची पोच तर सोडाच, पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरातही 'केसरी'ने छापली नाही, ही हकीकत पुढे बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'त नोंदवली. नकार हाही पुरावाच असतो. पण तो 'केसरी'च्या फायलीत सापडणार नाही, 'बहिष्कृत भारता'च्या फायलीत सापडेल. म्हणजे एका फायलीतली गैरहजेरी वाचायला दुसरी फाईल शेजारी ठेवावी लागते. मला संशोधनपद्धतीतले सर्वांत मोठे सूत्र कोणते असे विचाराल तर मी हेच सांगेन.

दुसरी फाईलही नसेल तेव्हा माणसांकडे जावे लागते. तेही सोपे नाही. उसना टेपरेकॉर्डर घेऊन मी तात्यांपुढे बसलो आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गिरणीत जातीमुळे त्रास झाला का?" ते म्हणाले, "नाही. गिरणीत सगळे सारखेच." मी खट्टू होऊन परतलो. पुढच्या रविवारी प्रश्न बदलला : "तात्या, पाणी कुठल्या माठातलं प्यायचात?" मग ते दोन तास बोलले. त्रास हा शब्द त्यांच्या जगण्यात नव्हता. माठ होता, मुकादम होता, जेवणाच्या सुट्टीत बसायची जागा होती. प्रश्न माणसाच्या वस्तूंमधून आत शिरला पाहिजे, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' 1989 ला प्रसिद्ध झाले होते, आणि मी ते त्या वेळी वाचले नव्हते ही माझी लाज. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास त्यांनी कागदपत्रांतून जुळवला आणि त्या स्त्रियांच्या दारात जाऊन मुलाखतीही घेतल्या. फाईल आणि तोंडी साक्ष एकाच पुस्तकात. माझ्या पाच रकान्यांत बाई कामगारही नव्हती, हे ते पुस्तक वाचताना ध्यानात आले.

मार्गदर्शकांना मी तात्यांची साक्ष दाखवली. ते सज्जन गृहस्थ होते, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "ही ऐकीव माहिती आहे. हिला सामग्री म्हणता येणार नाही. जात मध्ये आणलीत तर वस्तुनिष्ठता जाते." मी वाद घातला नाही. मला पदवी हवी होती, घरात पगार नव्हता. तात्यांची दहा पाने काढून टाकली आणि 'कामगार' हा एकच रकाना ठेवून निबंध सादर केला. मला प्रथम वर्ग मिळाला.

म्हणून आपले काही कार्यकर्ते मोजणीवरच राग धरतात तो मला मान्य आहे असे नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. 1919 साली साऊथबरो समितीपुढे ते आकडे घेऊनच उभे राहिले. 2006 मध्ये योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या 37 हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतल्या 315 निर्णय घेणाऱ्यांची सामाजिक पार्श्वभूमी तपासली. त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. साधी मोजणी, पण तिने काय केले? जो रकाना कोणी पाडत नव्हते तो पाडला. शून्य दिसायलाही आधी रकाना लागतो.

आज लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत वृत्तवाहिन्यांची कार्यालये आली आहेत. माझे विद्यार्थी तेथे उमेदवारी करायला जातात. डिलाईल रोडच्या 32 बी. डी. डी. चाळी पुनर्विकासात जात आहेत. माणसे पांगत आहेत. तात्या केव्हाच गेले. त्यांची ध्वनिफीत दोन पावसाळ्यांत बुरशीने खाल्ली, वहीतली दहा पाने तेवढी उरली आहेत. त्यांची प्रत काढून मी वर्गात वाटतो, शेजारी माझे ते पाच रकान्यांचे कोष्टक ठेवतो आणि सहावा रकाना कोणता, असे विचारतो. उत्तरे दर वर्षी निराळी येतात. यंदा एका मुलीने लिहिले, 'वाइंडिंग खाते'. तिची आजी त्या खात्यात होती. येत्या रविवारी आम्ही आजींकडे जाणार आहोत. पहिला प्रश्न माठाचाच आहे.