सृष्टीचे रहस्य आणि लोकभाषा

ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांतील सृष्टीची कथा एकाच ग्रंथातून, म्हणजे बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकातून सुरू होते. देवाने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, वनस्पती, प्राणी आणि मनुष्य निर्माण केले व सातव्या दिवशी विश्रांती घेतली, इतकी ती सरळ आहे. मात्र या कथेमागचे प्रश्न सरळ नाहीत. जो अनंत आहे, त्याच्याबाहेर जगाला जागा मिळाली कोठून? निराकारातून आकार कसा आला? देव आणि मनुष्य यांच्यामध्ये आणखी कोणते लोक आहेत? या प्रश्नांचा माग घेणाऱ्या चिंतनातूनच दोन्ही धर्मांतील गूढवाद वाढला. या प्रश्नांइतकाच जुना आणखी एक प्रश्न आहे. हे ज्ञान सर्वांना त्यांच्या भाषेत सांगावे, की अधिकारी साधकापुरतेच राखावे? आपल्याकडे या प्रश्नाला दोन वेळा प्रत्यक्ष रूप आले: १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे आणि १८८७ मध्ये पुण्यात.

अनंताचा संकोच

ज्यू परंपरेने या बाबतीत आरंभापासूनच सावधगिरी बाळगली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात सृष्टिनिर्मितीचे रहस्य एका वेळी दोघा शिष्यांपुढेही उलगडू नये, असा दंडक आहे. यहेज्केल या संदेष्ट्याला दिसलेल्या दिव्य रथाचे रहस्य तर, शिष्य स्वतः ज्ञानी असल्याखेरीज, एकट्यालाही सांगू नये, असे तो ग्रंथ सांगतो. पुढे 'सेफेर येत्सिरा' या छोट्या ग्रंथात दहा मूळ संख्या आणि हिब्रू वर्णमालेची बावीस अक्षरे अशा बत्तीस मार्गांनी विश्व रचले गेल्याची कल्पना आली. अक्षर हे केवळ लिहिण्याचे चिन्ह नसून सृष्टीचे द्रव्य आहे, हा विचार नादब्रह्माची कल्पना ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला फारसा परका वाटू नये.

'कबाला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेचा मुख्य ग्रंथ 'झोहार' होय. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये तो पुढे आला. परंपरा त्याचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय यांना देते, तर आधुनिक संशोधक त्याचा संबंध मोझेस दे लिऑन यांच्याशी जोडतात. या मतानुसार मूळ परमतत्त्व 'एन सोफ', म्हणजे अंत नसलेले, असे असून त्याच्याविषयी काहीच बोलता येत नाही. त्यातून दहा 'सेफिरोत', म्हणजे दिव्य शक्ती, प्रकट होतात आणि त्यांच्याद्वारे वरचा लोक खालच्या लोकाशी जोडला जातो.

सोळाव्या शतकात गालिलातील सफेद या गावी आयझॅक लुरिया (१५३४-१५७२) यांनी या विचाराला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते निर्मितीचे पहिले पाऊल विस्ताराचे नसून संकोचाचे होते. सर्वत्र भरून राहिलेल्या अनंताने स्वतःला आवरून घेतले, तेव्हा जगासाठी जागा झाली. त्या जागेत उतरलेला प्रकाश धारण करणारी पात्रे फुटली आणि प्रकाशाचे कण सृष्टीत विखुरले. प्रार्थना आणि सदाचार यांच्या योगे ते पुन्हा गोळा करणे हे मनुष्याचे कर्तव्य ठरते. या दुरुस्तीला 'तिक्कून' म्हणतात. येथे मनुष्य सृष्टीचा केवळ भोक्ता राहत नाही. तिचे अपुरे काम पुरे करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

शून्यातून सृष्टी

ख्रिस्ती धर्मपीठाची भूमिका याहून वेगळी आहे. देवाने जग शून्यातून निर्माण केले, ते त्याच्यातून पाझरलेले नाही, हे सूत्र १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठामपणे मांडले. निर्माता आणि निर्मित यांच्यातील अंतर त्यामुळे कायम राहते. ते अंतर पार करण्याची वाट ख्रिस्ती गूढवाद्यांनी शोधली. इसवी सन ५०० च्या सुमारास डायोनिशियस या नावाने लिहिणाऱ्या एका सीरियन लेखकाने देवदूतांच्या नऊ श्रेणी वर्णन केल्या आणि देवाविषयीचे प्रत्येक विधान शेवटी मागे घ्यावे लागते, असे प्रतिपादन केले. उपनिषदांतील 'नेति नेति'ची येथे आठवण होते.

जर्मन धर्मोपदेशक माइस्टर एकहार्ट (सुमारे १२६०-१३२८) यांनी आत्म्याच्या तळाशी देव आणि मनुष्य एक होतात, असे सांगितले. १३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्यांची काही विधाने दोषी ठरविली. ही शिकवण एकहार्ट यांनी सामान्य लोकांपुढे प्रवचनांतून मांडली, हाही त्या आज्ञापत्रातील आक्षेप होता. विचार पंडितांच्या लॅटिनमध्ये राहिला असता, तर कदाचित इतका त्रासदायक ठरला नसता.

ओवीतील आदिकथा

याउलट फादर थॉमस स्टीफन्स यांनी लोकभाषेचाच मार्ग धरला. १५४९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन आणि आदिमानवाची कथा यांपासून सुरू होते, तर दुसरे ख्रिस्तचरित्र सांगते.

'ख्रिस्तपुराण' हा गूढवादाचा ग्रंथ नव्हे. धर्मशिक्षण हा त्याचा हेतू आहे. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे हिरावली गेली होती आणि त्यांच्या जागी वाचावयास दुसरे पुराण हवे, अशी मागणी ग्रंथातच एका ब्राह्मणाच्या तोंडी येते. तथापि त्यांनी केलेली शब्दयोजना महत्त्वाची आहे. देवासाठी 'परमेश्वर' आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हे शब्द आले, की त्यांच्यामागचे शेकडो वर्षांचे अर्थही सोबत येतात. शून्यातून सृष्टी हा सिद्धान्त ओवीत उतरताच तो ऐकणाऱ्याच्या मनातील हिंदू विश्वरचनेशी बोलू लागतो. भाषांतराने केवळ श्रोते वाढत नाहीत, आशयही बदलतो. रहस्य राखू पाहणाऱ्यांना नेमकी हीच भीती होती.

पुण्यातील 'इद्रा झुता'

त्या भीतीचा प्रत्यय पुण्यात आला. येथील बगदादी ज्यू समाज डेव्हिड ससून यांच्या घराण्यामुळे नावारूपाला आला होता. पुणे कॅम्पातील 'ओहेल डेव्हिड' हे १८६७ मध्ये पूर्ण झालेले सिनेगॉग पुणेकरांना 'लाल देऊळ' म्हणून ठाऊक आहे. याच समाजातील अब्राहम डेव्हिड एझेकिएल हे थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी पुण्यात एक लहान छापखाना काढला आणि १८८७ मध्ये झोहारमधील 'इद्रा झुता' या भागाचे ज्यू-अरबी, म्हणजे हिब्रू लिपीत लिहिल्या जाणाऱ्या अरबी भाषेतील भाषांतर प्रसिद्ध केले. ही त्यांच्या समाजाची घरची बोली होती.

'इद्रा झुता' म्हणजे मृत्यूच्या दिवशी शिमोन बार योहाय यांनी शिष्यांना दिलेला अखेरचा उपदेश. त्यात दिव्य तत्त्वाचे वर्णन मुख, केस, दाढी अशा मानवी रूपकांतून येते. ही रूपके शब्दशः घेतली, तर निराकार देवाच्या उपासनेलाच धक्का बसतो. बगदादच्या रब्बींनी या प्रकाशनाला विरोध केला. विशेष म्हणजे त्याच वर्षी लंडनमध्ये मॅथर्स यांनी हाच भाग सतराव्या शतकातील लॅटिन भाषांतरावरून इंग्रजीत आणला. युरोपातील ख्रिस्ती अभ्यासक जे वाचू शकत होते, ते पुण्यातील ज्यू गृहस्थाने आपल्या बोलीत का वाचू नये, असा प्रश्न यातून उभा राहतो. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेव-एकनाथांच्या प्रदेशात तो अपरिचित नाही.

कोकणातील एलियाहू

कोकणातील बेने इस्रायल समाजाने या वादात न पडता वेगळीच वाट चोखाळली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलमधील कथा मराठी कीर्तनांतून सांगण्याची प्रथा सुरू केली. त्यांच्या भक्तीचे केंद्र आहे एलियाहू हनबी, अग्निरथातून सदेह स्वर्गी गेलेला संदेष्टा. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या आहेत, अशी समाजाची श्रद्धा आहे. लग्न, नवस वा अन्य मंगल प्रसंगी गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा 'मलिदा' त्याच्या नावाने केला जातो.

कबालाच्या परंपरेत एलियाहू हा निवडक ज्ञानी पुरुषांना दर्शन देऊन रहस्ये उघड करणारा आहे. कोकणातील घरांत मात्र त्याच्या आगमनासाठी ग्रंथाभ्यासाची अट नाही. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, पण मलिद्याचा विधी त्यांनी सोबत नेला आणि तेथेही तो चालू आहे.