वर्तुळ आणि आयत : एका मतभेदाची कथा

मराठी माणसाची आणि बंगालची पहिली मोठी गाठ पडली ती पिकाच्या निमित्तानेच, आणि ती काही भूषणावह नव्हती. इ. स. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी या प्रांतात उतरल्या. त्यांच्या भयाने कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला, आणि 'बर्गी' हा शब्द इथल्या अंगाईगीतात कायमचा जाऊन बसला. त्या ऋणाची फेड करणारी मराठी माणसे पुढे आली, हे आपले भाग्य. सखाराम गणेश देऊस्करांनी १९०४ साली 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहून देशाच्या आर्थिक शोषणाचा हिशेब मांडला. सरकारने तो १९१० साली जप्त केला. देऊस्करांचे नाव आपल्या मंडळींना परिचित आहे. परंतु याच शहरात काही काळ राहून गेलेल्या आणखी एका मराठी हिशेबनिसाची आठवण क्वचितच निघते. ती या सुवर्णमहोत्सवी अंकात नोंदवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पिकाचा अंदाज घेण्याची आपली जुनी रीत म्हणजे आणेवारी. महसुली कर्मचाऱ्याने बांधावर उभे राहावे, शेतावर नजर फिरवावी आणि "यंदा दहा आणे पीक" असे लिहावे. दक्षिणेत निदान गावोगाव कुळकर्णी-तलाठी होता. कोणत्या शेतात काय पेरले याची त्याच्या दप्तरात नोंद होती. बंगालमध्ये तीही सोय नव्हती. १७९३ च्या कायमधाऱ्याने सारा एकदाचा ठरवून टाकला. मग दरवर्षी शेतात डोकावून पाहण्याची सरकारला गरज काय? परिणाम असा झाला, की ज्या प्रांताचे सारे जीवन भातावर आणि तागावर, त्या प्रांतात भात किती आणि ताग किती, हे खात्रीने सांगणारे कोणी नव्हते. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून गेली, त्याला कारणे अनेक होती. परंतु प्रांतात धान्य आहे की नाही याविषयी सरकारजवळ विश्वासार्ह आकडा नव्हता, हेही त्यांतील एक होते.

ही उणीव ओळखणारा द्रष्टा म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस. प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या या प्राध्यापकाने तिथल्या एका खोलीत संख्याशास्त्राची प्रयोगशाळा थाटली. डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्थेची कल्पना मांडली गेली आणि २८ एप्रिल १९३२ रोजी तिची नोंदणी झाली. आकडा हा कपाटात ठेवण्यासाठी नसून कामाला जुंपण्यासाठी आहे, हा या पुरुषाचा पिंडच होता. ओरिसात १९२६ साली ब्राह्मणी नदीला महापूर आला. नदीचे पात्र उंचावले आहे, तेव्हा बांध वाढवा, असा अभियंत्यांचा सल्ला होता. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासून पात्र उंचावलेलेच नाही असे दाखवले आणि वरच्या अंगाला धरणे बांधून पाणी अडवण्याचा मार्ग सुचवला.

१९३७ साली त्यांनी तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली. प्रांतातील प्रत्येक शेत मोजण्याऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी थोडी शेते निवडावयाची, तेवढीच काटेकोर तपासायची आणि त्यांवरून साऱ्या प्रांताचा अंदाज बांधायचा. भाताची शिते चाचपून भांडे उतरवणाऱ्या गृहिणीला ही युक्ती नवी नाही. फरक इतकाच, की कोणती शिते घ्यावयाची हे मनाने न ठरवता गणिताने ठरवायचे, आणि चूक किती होऊ शकेल तेही आधीच सांगावयाचे. सरसकट मोजणीच्या सुमारे एक-दशांश खर्चात हे काम होऊ शकते, असे दिसून आले.

आता आपल्या माणसाकडे वळू. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ साली तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर १९३९-४० मध्ये चित्तरंजन अव्हेन्यूवरील अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत ते प्राध्यापक होते. तेथून ते दिल्लीस कृषी संशोधन परिषदेत गेले. इंदूरला कापसावर संशोधन करणारे विनायक गोविंद पानसे हे त्यांचे पुढे निकटचे सहकारी झाले.

नमुना पाहणी हवी, याविषयी महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात दुमत नव्हते. वाद होता तो निवडलेल्या शेतात नेमका केवढा तुकडा कापावा याबद्दल. महालनोबिसांचा कल लहान वर्तुळाकडे, चार फुटांच्या आसपास त्रिज्येच्या. तुकडा लहान, तर श्रम कमी; श्रम कमी, तर त्याच पैशात अधिक शेते. सुखात्म्यांचा आग्रह मोठ्या आयताचा : ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वादाचे मर्म साध्या गणिताने कळते. सीमेवरचे ताट आत धरावे की बाहेर, हा प्रश्न आला की विळा धरणाऱ्याचा हात बहुधा ते आत ओढतो. समजा, सीमा चोहोबाजूंनी केवळ तीन इंच सरकली. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र त्यामुळे सुमारे १३ टक्क्यांनी फुगते; मोठ्या आयताचे पाच टक्क्यांहूनही कमी. शेतांची संख्या वाढवून ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक शेतात एकाच दिशेने होते. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून हे दाखवले आणि १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. महालनोबिसांचेही उत्तर पोकळ नव्हते. प्रशिक्षित, पूर्णवेळ कर्मचारी नेमा आणि एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांचे आकडे ताडून पाहा, असे त्यांचे म्हणणे. मात्र दोन्ही तुकड्या एकाच दिशेने चुकल्या, तर ताळा जमतो आणि चूक तशीच राहते.

मला स्वतःला या वादाच्या मुळाशी दोन विद्वानांइतकेच दोन प्रांत दिसतात. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये तलाठी नव्हता, म्हणून महालनोबिसांना स्वतःची माणसे उभी करावी लागली, आणि पगारी माणसांचा वेळ वाचवणारा लहान तुकडा त्यांना सोयीचा वाटला. सुखात्मे रयतवारी मुलखातले. गावचा सरकारी कर्मचारी हेच त्यांचे साधन. तेव्हा साध्या माणसाच्या हातूनही बिघडणार नाही अशी पद्धत त्यांना हवी होती. ज्याच्या त्याच्या मातीने ज्याला त्याला शहाणपण दिले.

निकाल काय लागला? सरकारी पीक-अंदाजांसाठी मोठ्या तुकड्याची पद्धत रुजली. राष्ट्रीय नमुना पाहणी वर्तुळे कापून वेगळे अंदाज देत असे. ते सरकारी आकड्यांहून चढे असत आणि १९७० च्या सुमारास ते बंद झाले. परंतु १९५० साली सुरू झालेली ही पाहणी हे महालनोबिसांचेच देणे, आणि तिच्याच आकड्यांवर वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याहून भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला. या आकड्यांचा डोंगर उपसण्यासाठीच संस्थेने यंत्रांचा ध्यास घेतला. १९५६ साली बरानगरला चालू झालेला इंग्लंडचा 'एचईसी-२एम' हा देशातील पहिला अंकीय संगणक होय. सुखात्मे १९५१ साली रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले, १९७० पर्यंत तेथे राहिले, आणि पुण्याला परतून अखेरपर्यंत भुकेच्या प्रश्नावर काम करीत राहिले. १९९७ साली ते निवर्तले.

आजही गावाकडे पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी शेतात दोरी ताणून पाच मीटर लांबी-रुंदीचा किंवा दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखला जातो. त्याच्या उताऱ्यावर गावाची अंतिम पैसेवारी ठरते, पीकविम्याची भरपाईही ठरते. दोरी तीन इंच बाहेर गेली तर कागदावर पीक वाढते आणि बुडालेल्या शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद त्या बांधावर उभे असतात. ती दोरी कोठे ताणावी याचा विचार करणाऱ्यांतला एक मराठी माणूस कधीकाळी याच शहरात राहत होता. ज्या बंगालच्या पिकावर आपल्या पूर्वजांनी चौथाई मागितली, त्या बंगालशी जडलेले हे नाते अधिक अभिमानाने सांगावे असे आहे.